माझदा एमएक्स-५ गाडीतील फेरफार आणि सुधारणा

माझदा एमएक्स-५ ही जपानच्या माझदा कंपनीने बनवलेली, दोन आसनांची व दुमडता येणाऱ्या छताची छोटी स्पोर्ट्स कार आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागो येथील मोटार प्रदर्शनात ती प्रथम सादर झाली. उत्तर अमेरिकेत ती मियाटा या नावाने, तर जपानमध्ये आरंभी युनोस रोडस्टर आणि पुढे माझदा रोडस्टर या नावाने ओळखली जाऊ लागली. सर्वाधिक विकली गेलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून २००० साली गिनेस बुकात तिची नोंद झाली. २२ एप्रिल २०१६ रोजी तिचे उत्पादन दहा लाखांवर पोहोचले. माफक किंमत, साधी यंत्ररचना आणि सुट्या भागांची मुबलकता यांमुळे या गाडीत मालकांकडून मोठ्या प्रमाणावर फेरफार केले जातात. मात्र तिचे सर्व भाग एकमेकांशी मेळ साधून आखलेले असल्याने एक भाग बदलला की त्याचा भार शेजारच्या भागावर जातो. त्यामुळे काय बदलावे याइतकेच ते कोणत्या क्रमाने बदलावे, यालाही महत्त्व आहे.

मूळ रचना

एमजी, ट्रायम्फ, लोटस यांसारख्या जुन्या ब्रिटिश कंपन्यांच्या हलक्या उघड्या गाड्यांच्या धर्तीवर एक नवी गाडी बनवावी, अशी कल्पना अमेरिकी मोटार-पत्रकार बॉब हॉल यांनी १९७९ मध्ये माझदाचे केनिची यामामोतो यांच्यापुढे मांडली. पुढे तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली ती प्रत्यक्षात आली. घोडा आणि स्वार एकरूप होणे या अर्थाचा ‘जिन्बा इत्ताई’ हा जपानी शब्दप्रयोग या प्रकल्पाचे सूत्र मानला जातो.

पहिल्या पिढीच्या गाडीत १.६ लिटरचे, चार सिलिंडर व सोळा झडपांचे इंजिन होते. जपानी बाजारातील गाडीत त्याची शक्ती १२० अश्वशक्ती होती व सर्वांत हलक्या प्रतीचे वजन ९४० किलोग्रॅम होते. इंजिन पुढच्या आसाच्या मागे सरकवल्यामुळे वजन पुढच्या व मागच्या चाकांवर जवळजवळ समान विभागले गेले. चारही चाकांना दुहेरी विशबोन पद्धतीचे सस्पेन्शन होते. त्यामुळे चाक वरखाली झाले तरी टायर रस्त्यावर बऱ्यापैकी सपाट टेकून राहतो. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शिअल यांना ‘पॉवर प्लांट फ्रेम’ नावाच्या ॲल्युमिनियमच्या लांब चौकटीने एकत्र जखडलेले असते. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी ताबडतोब प्रतिसाद देते, त्यामागे या चौकटीचा मोठा वाटा आहे.

गाडीच्या आजवर चार पिढ्या झाल्या असून त्या एनए (१९८९–१९९७), एनबी (१९९८–२००५), एनसी (२००५–२०१५) आणि एनडी (२०१५ पासून) या संकेतांनी ओळखल्या जातात. पहिल्या दोन पिढ्यांचा पाया एकच असल्याने त्यांचे पुष्कळसे भाग परस्परांत बसतात. एनबीचे काचेची मागील खिडकी असलेले छत एनए गाडीवर सहज चढते. एनएची मूळ प्लॅस्टिकची खिडकी काही वर्षांत पिवळी पडून धूसर होत असल्याने हा बदल फार जुना आणि लोकप्रिय आहे. एनसी आणि एनडी यांची रचना मात्र स्वतंत्र आहे.

फेरफारापूर्वीची तपासणी

पहिल्या पिढीची सर्वांत नवी गाडीही आता पंचवीस वर्षांहून जुनी आहे. त्यामुळे सुधारणेचा पहिला टप्पा म्हणजे वास्तविक दुरुस्तीच असते. छतावरून येणारे पावसाचे पाणी आसनांमागील दोन निचरा-छिद्रांतून खाली जाते. ही छिद्रे पालापाचोळ्याने तुंबली की पाणी दरवाज्याखालच्या पोकळ पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, साठते व पत्रा आतून गंजतो. छत नसलेल्या गाडीत हीच पट्टी सांगाड्याचा मुख्य आधार असते. त्यामुळे गंजलेल्या गाडीवर कडक स्प्रिंग चढवणे व्यर्थ तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे.

१९८९ ते १९९१ च्या आरंभापर्यंतच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड होते. तेथील बोल्ट पुरेसा आवळलेला नसेल, तर पुली डुलू लागते, चावीची खाच झिजते आणि अखेरीस संपूर्ण क्रँकशाफ्ट निकामी होतो. अशा इंजिनावर पट्ट्याने फिरणारा सुपरचार्जर बसवल्यास त्याच टोकावर आणखी ताण येतो. म्हणून इंजिनात कोणतीही वाढ करण्यापूर्वी या जागेची तपासणी केली जाते.

सस्पेन्शनच्या दांड्यांच्या टोकांशी असलेले रबरी बुश कालांतराने कडक होऊन चिरतात. केवळ नवे बुश बसवून चाकांची संरेखन-जुळणी केल्याने गाडीच्या वागणुकीत जो फरक पडतो, तो पुष्कळदा महागड्या भागांनीही पडत नाही.

टायर, चाके आणि सस्पेन्शन

मूळ गाडीला १४ इंची चाकांवर १८५/६० मापाचे टायर होते. आता या मापाचे चांगले टायर मिळणे अवघड झाल्याने १५ इंची चाके आणि १९५/५० किंवा २०५/५० मापाचे टायर सर्रास वापरले जातात. १६ किंवा १७ इंची चाके दिसायला भारदस्त असली, तरी चाकाचे वजन स्प्रिंगवर तोललेले नसते. ते वाढले की खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीला धरून राहत नाही. मूळ मिश्रधातूची चाके बरीच हलकी होती. त्यांच्या जागी जड शोभेची चाके बसवणे म्हणजे पैसे खर्चून गाडी मंद करणे होय.

सस्पेन्शनमधील सर्वांत सामान्य चूक गाडी अवाजवी खाली आणण्याची आहे. पहिल्या दोन पिढ्यांत चाकाला वरखाली होण्यास मुळातच थोडा वाव असतो. स्प्रिंग कापून किंवा फार आखूड स्प्रिंग घालून गाडी खाली आणली, तर शॉक ॲब्सॉर्बर आपल्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर टेकून राहतो. मग वळणावर खड्डा लागताच सस्पेन्शनचा लवचीकपणा एकदम संपतो, टायरची पकड तुटते आणि हलकी शेपूट असलेली ही गाडी क्षणात गरकन फिरू शकते. यावर उपाय म्हणजे माफक उंची राखणे, स्प्रिंगला साजेसे शॉक ॲब्सॉर्बर निवडणे आणि मूळ ठोकळ्यांऐवजी आखूड, मऊ ठोकळे वापरणे.

वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून जाड अँटी-रोल बार बसवले जातात. पुढचा बार जाड केल्यास पुढच्या चाकांकडे सरकणारा भार वाढतो व गाडी वळणाबाहेर जाऊ पाहते. मागचा जाड केल्यास शेपूट घसरण्याची प्रवृत्ती वाढते. त्यामुळे दोन्ही टोकांचा तोल पाहूनच निवड करावी लागते.

चाकांचा उभा कल म्हणजे कॅम्बर आणि चाकांची तोंडे आत वा बाहेर असणे म्हणजे टो, हे दोन्ही या गाडीत मुख्यतः विकेंद्री बोल्ट फिरवून चारही चाकांना कमीजास्त करता येतात. एवढ्या स्वस्त गाडीत ही सोय दुर्मीळ होती. जुन्या गाड्यांत मात्र हे बोल्ट गंजून बुशाच्या नळीत घट्ट बसलेले आढळतात व ते सोडवण्यातच दिवस जातो.

ब्रेक

१.६ लिटर गाडीत पुढच्या ब्रेक डिस्कचा व्यास २३५ मिलिमीटर होता, १.८ लिटर गाडीत तो सुमारे २५५ मिलिमीटर झाला आणि एनबीच्या उत्तरकाळात मोठे ‘स्पोर्ट’ ब्रेक आले. नंतरचे ब्रेक आधीच्या गाडीवर बसवता येत असल्याने भंगारातील गाड्यांचे भाग यासाठी वापरले जातात. हलक्या गाडीला रस्त्यावर मूळ ब्रेक पुरेसे असतात. शर्यतीच्या मार्गावर आधी कमी पडते ती उष्णता सोसण्याची क्षमता. म्हणून प्रथम चांगले पॅड आणि उच्च उत्कलनबिंदूचे ब्रेक-तेल वापरावे, असा सर्वसाधारण संकेत आहे.

सांगाडा आणि रोल बार

छत नसल्याने उघड्या गाडीचा सांगाडा पिळवटतो. खराब रस्त्यावर समोरच्या काचेची चौकट थरथरते, ती यामुळेच. गाडीच्या तळाशी असलेल्या लांब पन्हळीसारख्या पट्ट्यांवर पोलादी आधारपट्ट्या जोडून हा पीळ कमी करता येतो. माझदानेही एनबी पिढीत असे आधार वाढवले.

आसनांमागे बसवायचा रोल बार हा सुरक्षेचा भाग आहे व त्याबाबत मोठा गैरसमज आढळतो. बाजारात मिळणाऱ्या काही चकचकीत नळ्या केवळ शोभेच्या असतात. गाडी उलटल्यास त्या वाकतात. खरा रोल बार जाड पोलादी नळीचा, तिरक्या आधारासह आणि सांगाड्याला रुंद पट्ट्यांनी घट्ट बोल्ट केलेला असतो. त्याची उंची तपासण्यासाठी बारचा माथा आणि समोरच्या काचेची वरची कड यांवर एक सरळ काठी टेकवली जाते. शिरस्त्राण घालून बसलेल्या चालकाचे डोके या काठीच्या खाली राहिले पाहिजे. उंच चालकांना हे साधण्यासाठी आसनातील फोम कमी करावा लागतो. शिरस्त्राण न घालता रस्त्यावर चालवताना हाच बार मागून डोक्यावर आदळू शकतो, म्हणून त्यावर कठीण फोमचे आवरण आवश्यक असते.

सुकाणूचाक बदलणे हा असाच वरवर निरुपद्रवी वाटणारा फेरफार आहे. लाकडी सुकाणूचाक जुन्या गाडीला शोभून दिसते. परंतु अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांत सुरुवातीपासूनच चालकासाठी एअरबॅग होती आणि मूळ चाक काढताच ती नाहीशी होते.

इंजिन

एअर फिल्टर, सायलेन्सर यांसारखे भाग बदलून मिळणारी शक्ती अल्प असते, आवाज मात्र बराच वाढतो. वजनाने हलके फ्लायव्हील बसवल्यास इंजिन लवकर गती घेते, तरी त्याची कमाल शक्ती तीच राहते. एक बदल मात्र विनाखर्च होतो. पहिल्या पिढीत ठिणगीची वेळ इंजिनाच्या मागील बाजूचा कॅम-सेन्सर किंचित फिरवून बदलता येते. मूळ १० अंशांऐवजी ती १४ अंशांच्या आसपास आणली, तर कमी वेगातील ओढ सुधारते. यासाठी अधिक ऑक्टेनचे पेट्रोल लागते. ते न वापरल्यास इंधन वेळेआधी पेटून इंजिन ठोकू लागते.

खरी शक्तिवाढ हवा दाबून भरल्यानेच होते. १.६ आणि १.८ लिटरची इंजिने माझदा ३२३ या कुटुंबगाडीच्या इंजिन-मालिकेतून आली. त्या मालिकेत टर्बोचार्जर असलेले इंजिनही असल्याने ओतीव लोखंडी ठोकळा भक्कम आहे. मूळ १.६ लिटर इंजिनाचे संपीडन गुणोत्तर ९.४ असल्याने मर्यादित दाब ते सोसते. मात्र हवा वाढली की त्या प्रमाणात पेट्रोलही वाढले पाहिजे. ते कमी पडल्यास मिश्रण विरळ होते, ज्वलनकक्ष तापतो आणि पिस्टन काही सेकंदांत तुटू किंवा वितळू शकतो. म्हणून मोठे इंजेक्टर आणि प्रोग्रॅम करता येणारा संगणक ही टर्बोची चैन नसून पूर्वअट आहे. घरी जुळवता येणारा मेगास्क्वर्ट हा संगणक या कामी बराच वापरला गेला. साधारण २०० ते २५० अश्वशक्तीच्या पुढे मूळ कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असल्याने इंजिन उघडून घडीव रॉड बसवले जातात.

शीतकरणाचा प्रश्न या इंजिनाच्या पूर्वेतिहासातून आला आहे. ३२३ गाडीत ते आडवे बसवलेले होते. पाणी एका टोकाने आत शिरून चारही सिलिंडरांजवळून दुसऱ्या टोकाने बाहेर पडत असे. एमएक्स-५ मध्ये इंजिन उभ्या दिशेने बसवताना ते दुसरे टोक चालकापुढील पडदीला भिडले. त्यामुळे बाहेर पडण्याची वाट आणि थर्मोस्टॅट पुढच्याच टोकाला आणावे लागले. परिणामी पाण्याचा बराचसा भाग पुढच्या पुढे फिरून परत जातो आणि चौथा सिलिंडर इतरांपेक्षा अधिक तापतो. मूळ शक्तीला हे खपून जाते. टर्बो बसवून गाडी शर्यतीच्या मार्गावर सतत पळवल्यास मात्र मोठा रेडिएटर घालूनही उष्णता आटोक्यात येत नाही. अशा वेळी थर्मोस्टॅट पुन्हा मागच्या टोकाला नेऊन तेथून लांब नळीने पाणी रेडिएटरकडे आणतात. हा फेरफार बाहेरून दिसतही नाही, पण टर्बो गाडीचे आयुष्य त्यावर अवलंबून असते.

टर्बोऐवजी पट्ट्याने चालणारा सुपरचार्जर वापरल्यास कमी वेगातच दाब मिळतो आणि गाडीचा स्वभाव मूळच्या जवळ राहतो. टर्बोची कमाल शक्ती अधिक असते. एनडी पिढीत संपीडन गुणोत्तर १३ पर्यंत असल्याने हवा दाबून भरण्यास कमी वाव उरतो व इंधन-ठिणगीचे नियोजन अधिक काटेकोर करावे लागते.

शक्ती चाकांपर्यंत नेणारे भाग

वाढीव शक्तीचा पहिला बळी क्लच असतो. त्यानंतर १.६ लिटर गाडीचा लहान डिफरन्शिअल तुटतो. १.८ लिटर गाडीत माझदाने मोठा डिफरन्शिअल दिला आणि काही प्रतींत टॉर्सेन प्रकारचा, म्हणजे एक चाक घसरू लागताच दुसऱ्याकडे ओढ वळवणारा, डिफरन्शिअल उपलब्ध केला. तो सोबतच्या दांड्यांसह १.६ लिटर गाडीत बसवणे हा टर्बोआधीचा नेहमीचा टप्पा आहे. वळणावर आतले चाक अधांतरी झाले, तर टॉर्सेनचा उपयोग उरत नाही. म्हणजे येथेही सस्पेन्शनचा तोल आड येतोच.

इंजिन बदलणे

मूळ इंजिन काढून दुसरे बसवण्याची प्रथा अमेरिकेत विशेष रुजली. प्रथम फोर्डचे ५ लिटरचे व्ही-८ इंजिन वापरले गेले. नंतर जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेतील ॲल्युमिनियमची व्ही-८ इंजिने अधिक पसंत केली गेली, कारण त्यांनी पुढच्या चाकांवरील भार तुलनेने कमी वाढतो. कोलोराडो राज्यातील फ्लाइंग मियाटा ही संस्था अशा रूपांतरांसाठी प्रसिद्ध झाली. होंडाची के मालिकेतील चार सिलिंडरची इंजिनेही वापरली जातात. एनसी गाडीत त्याच कुळातील २.५ लिटरचे इंजिन जवळजवळ तसेच बसत असल्याने तो बदल सर्वांत सोपा मानला जातो. व्ही-८ रूपांतरात गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, पुढची उपचौकट, रेडिएटर आणि सहसा पॉवर प्लांट फ्रेमही बदलावी लागते. उरते ते मूळ गाडीचे कवच.

कंपनीच्या सुधारित आवृत्त्या

माझदाने टोकियोत स्थापन केलेल्या एम२ या उपकंपनीने डिसेंबर १९९१ मध्ये एम२ १००१ ही ३०० गाड्यांची मर्यादित आवृत्ती काढली. तिचे इंजिन १३० अश्वशक्तीचे होते आणि पॉवर स्टिअरिंग वगळलेले होते. एम२चे मुख्यालय वास्तुविशारद केंगो कुमा यांनी आखले होते. उपकंपनी बंद पडल्यावर त्या इमारतीचे रूपांतर अंत्यविधीगृहात झाले. ब्रिटनमध्ये बीबीआर या संस्थेने १५० अश्वशक्तीचे टर्बो-रूपांतर केले व ते माझदाच्या तेथील विक्रेत्यांमार्फत मिळत असे.

२००४ व २००५ मध्ये अमेरिकेत विकलेल्या माझदास्पीड एमएक्स-५ मध्ये १७८ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन होते. त्यासोबत कंपनीने क्लच व मागचे दांडे मजबूत केले, सहा गिअरचा गिअरबॉक्स दिला आणि गाडी किंचित खाली आणली. कारखान्यालाही एकट्या टर्बोवर भागवता आले नाही. याउलट २०१९ च्या एनडी गाडीत २ लिटर इंजिनाचे पिस्टन व कनेक्टिंग रॉड हलके करून कमाल फेरे ६,८०० वरून ७,५०० पर्यंत नेले गेले आणि टर्बोविना शक्ती १८१ अश्वशक्ती झाली.

शक्तीच्या आकड्यांबाबत एक प्रसंग नमूद करण्याजोगा आहे. अमेरिकेत २००१ च्या गाडीची शक्ती १५५ अश्वशक्ती जाहीर झाली होती, प्रत्यक्षात ती १४२ होती. चूक लक्षात आल्यावर माझदाने ग्राहकांना गाडी परत घेण्याचा पर्याय दिला.

स्पर्धा

‘स्पेक मियाटा’ या अमेरिकी शर्यत-वर्गात पहिल्या दोन पिढ्यांच्या गाड्या धावतात. येथे फेरफारांवर कडक मर्यादा असते. ठरवून दिलेले सस्पेन्शन, सुरक्षा-पिंजरा आणि टायर सर्वांना सारखे असतात व इंजिन मूळ रचनेच्या जवळ ठेवावे लागते. त्यामुळे निकाल बहुतांशी चालकाच्या कौशल्यावर ठरतो. एनडी पिढीवर आधारित ‘ग्लोबल एमएक्स-५ कप’ मालिकेत गाड्या शर्यतीसाठीच तयार केलेल्या असून त्यांत सहा गिअरचा सिक्वेन्शियल गिअरबॉक्स असतो.

कायदेशीर मर्यादा

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत काय बदलता येईल, हे देशागणिक ठरते. जपानमध्ये ‘शाकेन’ ही ठरावीक मुदतीने होणारी तपासणी बंधनकारक आहे व जमिनीपासूनची किमान उंची ९ सेंटिमीटर लागते. जर्मनीत महत्त्वाचे फेरफार अधिकृत तपासनिसाकडून मान्य करून गाडीच्या कागदपत्रांत नोंदवावे लागतात. कॅलिफोर्नियात उत्सर्जनावर परिणाम करणाऱ्या भागांना राज्याच्या वायू-मंडळाची मान्यता असावी लागते, म्हणून तेथे टर्बो बसवण्यापूर्वी ती आहे की नाही हे पाहिले जाते. ब्रिटनमध्ये विमा कंपनीला फेरफार कळवले नसतील, तर अपघातानंतर भरपाई नाकारली जाऊ शकते.

मूळ स्थितीकडे परत

पहिल्या पिढीच्या बहुसंख्य गाड्यांत कधी ना कधी फेरफार झाल्याने न बदललेल्या गाड्यांना आता संग्राहकांकडून मागणी आहे. त्यामुळे बोल्टने बसणारे व काढता येणारे फेरफार आणि पत्रा कापून वा वेल्डिंग करून केलेले फेरफार यांत फरक केला जाऊ लागला आहे. काढलेले मूळ भाग जपून ठेवणारे मालक गाडी विकताना ते सोबत देतात. त्यांत बहुधा मूळ चाके, सायलेन्सर आणि रेडिओ असतो.

२०१७ मध्ये माझदाने जपानमधील मालकांसाठी पहिल्या पिढीच्या रोडस्टरची जीर्णोद्धार सेवा जाहीर केली. त्यासाठी बंद झालेले काही भाग पुन्हा तयार करण्यात आले. त्यांत छत, नार्दी कंपनीचे लाकडी सुकाणूचाक आणि गिअरची मूठ यांचा समावेश आहे. ब्रिजस्टोननेही १८५/६० मापाचा, १४ इंची चाकाचा मूळ नमुन्याचा टायर नव्याने बनवला.